बशी दिसली का?

राउहा म्हणजे तिकडच्या भाषेत शांतता. लढाई संपली त्या साली जन्मली म्हणून आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव. पण संपली ती देशाची लढाई. राउहाची तोवर सुरूही झाली नव्हती. सोर्सालाहती गावात तिच्याशी बोलून ज्याला शांतता लाभली असा माणूस एकच, तिचा नवरा आर्वो, आणि तोसुद्धा डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मुद्दाम तिच्या उजवीकडे बसतो.

तळ्याकाठचा लाकडी धक्का ही राउहाची गादी. बर्फ वितळलं, ऊन तापलं, की गावातल्या बायका हिवाळाभर पायाखाली मळलेल्या चिंध्यांच्या सतरंज्या तिथे घेऊन येत. गुडघ्यांवर बसायचं, पाइनच्या झाडाचा पिवळाधमक साबण चोळायचा, ब्रशने खसाखसा घासायचं आणि सतरंजी तळ्यात बुचकळून काढायची. बरोबर कॉफीचा थर्मास. सतरंज्यांबरोबर गावातली माणसंही तिथेच धुऊन निघत. धक्क्याच्या टोकाची, खोल पाण्याची जागा राउहाची. शेजारच्या इर्याने एकदा त्या जागेवर बादली ठेवली होती. ती बादली पुढे कुठे गेली हे इर्याने विचारलं नाही आणि राउहाने सांगितलं नाही.

आता या राउहाची नात वेनला. पोरगी हुशार. वैद्यकीला प्रवेश मिळाला तेव्हा राउहाने दुकानात, चर्चमध्ये, बसथांब्यावर, जिथे दोन कान दिसले तिथे सांगून टाकलं की आमची वेनला डॉक्टर होणार. आणि पोरीने वर्षभरात माणसं सोडली आणि पाणी धरलं. म्हणे पर्यावरण शिकते.

"म्हणजे डॉक्टर नाही का?" इर्याने फार गोड आवाजात विचारलं होतं.

"डॉक्टरच आहे. पाण्याची."

"पाण्याला काय झालंय?"

"तेच तर शिकतेय," राउहा म्हणाली, आणि इर्याच्या सतरंजीवर उगाच दोन ब्रश मारून पुढे गेली.

त्या उन्हाळ्यात वेनला गावी आली ती रबरी बूट घालून. शनिवारी गावाच्या जुन्या सभागृहात तिने तळ्याबद्दल सभा लावली होती. शुक्रवारी सकाळी राउहा धक्क्यावर आली, तर नात पालथी पडून पाण्यात काहीतरी सोडत होती.

"वेनला! ती माझ्या लग्नातली बशी आहे."

"माहितीये आजी. माझी मोजायची चकती बसमध्ये राहिली. पांढरंशुभ्र काहीतरी हवं होतं."

"तुझ्या आईला मी कधी त्या बशीला हात लावू दिला नाही."

"म्हणूनच पांढरी राहिलीय ना!"

केक वाढायची मोठी बशी. पोरीने तिला उभी-आडवी दोरी गुंडाळली होती, नाताळच्या भेटीला बांधतात तशी. बशी हळूहळू खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी किती भिजली ते बघायचं. यावरून म्हणे पाणी किती गढूळ ते कळतं.

"याला विद्यापीठ लागतं? गढूळ आहे हे मला इथे उभ्या उभ्या दिसतंय."

"कधीपासून गढूळ आहे, आजी?"

"नेहमीचंच आहे," राउहा म्हणाली.

"नेहमी म्हणजे?"

"नेहमी म्हणजे नेहमी. नवऱ्याचं टक्कल कधी पडलं हे कुठल्या बाईला सांगता येतं? एक दिवस बघते तर पडलेलं असतं."

वेनला हसली, आणि हसताना दोरी हलली, आणि गाठ सुटली. डुबुक.

दोघी धक्क्यावर पालथ्या पडून बघू लागल्या. खाली काही नाही. दर गुरुवारी घरोघरी शिजणाऱ्या वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं, दाट, शांत. एवढी मोठी पांढरी बशी, आणि हातभर खाली गेली की जणू कधी नव्हतीच.

"काढ ती," राउहा म्हणाली.

"कुठून काढू? दिसतच नाही."

"मोठी पाण्याची डॉक्टर! माझी अंगठी इथेच पडली होती, ती आर्वोने बघता बघता काढली होती. शाळेत न शिकता."

"कुठली अंगठी?"

"लग्नाची. नवीन नवरी होते. साबणाने बोट निसरडं झालं आणि गेली. त्या काळ्या दगडाशेजारी जाऊन बसली आणि खालून माझ्याकडे बघून चमकत होती, मेली. आर्वोने मासे काढायच्या जाळीने उचलली. डोक्यावरची टोपीसुद्धा भिजली नाही त्याची."

वेनला उठून बसली. "आजी, म्हणजे तेव्हा इथे तळ दिसत होता? इतक्या खोल?"

"दगड दिसायचे. दगडांवरचे शिंपले दिसायचे."

"हे उद्या सभेत सांगशील? या धक्क्यावरचं जुनं पाणी कुणी मोजलेलंच नाही गं. तू एवढी वर्षं बघतेयस."

"मी सभेत फक्त कॉफी पिते. आणि तू तिथे काय सांगणारेस ते आधी मला सांग."

मग पोरीने सांगितलं, बूट काढत काढत, खाली मान घालून. धक्क्यावर सतरंज्या धुणं बंद करायचं. वर रस्त्याजवळ टेबलं, टाक्या, पिळायचं यंत्र, सगळं बसवायचं, म्हणजे साबणाचं पाणी तळ्यात न जाता गटाराच्या नळीत जाईल. नळी टाकायला नगरपालिका तयार आहे, पण गावाने हात वर करून हो म्हणायला हवं. तळ्याला काही फक्त सतरंज्यांनी नासवलेलं नाही. शेतातलं खत आहे, उन्हाळी बंगल्यांचं सांडपाणी आहे. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी.

"आणि ती माझ्या धक्क्यापासून!" राउहा म्हणाली. "शेताला पाय नाहीत म्हणून त्याच्यामागे लागत नाहीस. म्हातारी समोर सापडली." आणि बशीचा विषय तसाच सोडून ती तरातरा घराकडे गेली.

रागात असली की राउहा गुलाबांवर फवारा मारते. कुंपणापलीकडून इर्याचं डोकं वर आलं.

"अगं राउहा, तुझ्या गुलाबांवर मावा कसा नाही? माझे तर काळे पडलेत."

"पाइनचा साबण. बादलीभर पाण्यात चमचाभर. संध्याकाळपर्यंत मावा आडवा."

"अगंबाई, एवढा जालीम?" इर्या खूश झाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्याच्या सभेत मी तुझ्याच बाजूने आहे हो. धक्का कुणाच्या बापाचा नाही."

इर्या आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर राउहाला तिथेच शंका यायला हवी होती. पण राग होता, त्यामुळे आली नाही.

विरोध वेगळा आणि रिकाम्या खुर्च्या वेगळ्या. नातीच्या सभेला कुणी आलं नाही असं गावात ऐकायला लागणं राउहाला परवडणारं नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी तिने वेलची घातलेल्या गोड पावांचे ट्रेमागून ट्रे भाजले आणि दुकानात जाऊन एवढंच म्हणाली, "पाव गरम आहेत तोवर या." सभागृह भरलं. वेनलाला वाटलं, लोकांना तळ्याची काळजी आहे.

पोरीने पडद्यावर रेषा दाखवल्या, रंगीत गोल दाखवले. फॉस्फरस म्हणाली, नायट्रोजन म्हणाली. शेतकरी ताउनोने फॉस्फरसला डोळे मिटले ते नायट्रोजन होऊन गेलं तरी उघडले नाहीत. बाकीचे ट्रेकडे बघत होते. आणि साबणाचं नाव निघालं तेव्हा सगळे एकदम जागे झाले.

"साबण कसला, ताउनोच्या शेणखताची तळी वाहतात ती बघा आधी," एक बाई म्हणाली.

"माझं खत माझ्या शेतात असतं," ताउनो म्हणाला. "बंगलेवाल्यांची घाण बघा."

बंगलेवाले सभेला आले नव्हते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर टाकून लोक जरा सैल बसले.

मग इर्या उठली. "आणि आपला पाइनचा साबण म्हणजे झाडाचा अर्क. तान्ह्या लेकराने चाटला तरी काही होणार नाही. ही आपली राउहा जन्मभर वापरतेय, तिलाच विचारा ना!"

सगळ्या माना राउहाकडे वळल्या. ताउनो हसत म्हणाला, "अहो, पोरीला माणसांची डॉक्टर व्हायला जमलं नाही, म्हणून आता आम्हाला शेवाळाचं औषध देतेय." खोली हसली. फार वाईट नाही हसली, पण हसली.

वेनलाचे कान लाल झाले. लहानपणी सायकलवरून पडली की व्हायचे, अगदी तसेच. पडद्याकडे तोंड करून ती उगाच बटणं दाबू लागली.

राउहाने कपात उरलेली कॉफी संपवली. धक्का तिचा होता. एवढंच म्हणायचं होतं, "होय, साबण निरुपद्रवी आहे," आणि धक्का तिचाच राहिला असता. इर्या तर शब्द हातात देऊन उभी होती. पण वेनलाला नावं ठेवायचा हक्क एकट्या राउहाचा होता, आणि तो तिने ताउनोला दिलेला नव्हता. ती उठली.

"इर्या, काल मी तुला माव्यावर काय सांगितलं?"

"काय सांगितलंस?" इर्या गोंधळली. "पाइनचा साबण."

"आणि त्याने माव्याचं काय होतं?"

"आडवा होतो म्हणालीस."

"मग जो साबण गुलाबावरच्या किड्याला आडवा करतो, तो तळ्यातल्या किड्याचे काय मुके घेतो?"

राउहालाही हे बोलताना पहिल्यांदाच कळत होतं, पण तिने चेहऱ्यावर तसं काही दाखवलं नाही. "वेनला, तळ्यात किडे असतात ना गं?"

"असतात, आजी. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे," वेनला वळून म्हणाली. "तेच शेवाळ खातात."

"ऐकलंत? शेवाळ खाणाऱ्यांना आपण मारतो आणि मग शेवाळ फार झालं म्हणून देवाकडे बघतो. मी नवी नवरी होते तेव्हा या तळ्यात पडलेली माझी लग्नाची अंगठी वरून दिसत होती. आर्वो, दिसत होती की नाही?"

आर्वो नेहमीसारखा तिच्या उजवीकडे बसलेला होता, पण हे त्याने ऐकलं. "दिसत होती," तो म्हणाला. "दगडाच्या डाव्या बाजूला."

"आणि काल माझी केकची बशी पडली, ती दिसत नाही. एवढी मोठी. कोण म्हणतं पोरीला शिकून काय मिळालं? तुम्ही सगळे रोज त्या पाण्याकडे बघता आणि मीही बघते. आपल्यातल्या एकाने तरी कधी त्यात बशी सोडली? त्यासाठी शिकावं लागतं." मग ती ताउनोकडे वळली. "माझा साबण मी वर रस्त्यावर नेते. माझं सांगून झालं. आता तू बोल, ताउनो. तुझं खत कुठवर वाहतं ते सांग. तोवर पावाला हात लावू नकोस."

ताउनोने हातातला पाव बघितला. अर्धा खाल्लेला होता. तो ठेवावा की संपवावा या विचारात त्याने कबूल केलं की तळ्याच्या बाजूला एक पट्टा नांगराशिवाय सोडता येईल, गवत वाढू देता येईल, बघू.

"बघू नको. सोड."

हात वर झाले. इर्याचा सगळ्यात शेवटी, पण झाला.

वर रस्त्याजवळची धुण्याची जागा शरद ऋतूत तयार झाली. टेबलं लावणाऱ्या माणसांना राउहाने स्वतः उभं राहून सांगितलं की पहिलं टेबल कुठे हवं आणि ते कुणाचं. तळ्याकडे तोंड करून, सावलीत, पिळायच्या यंत्रापासून जवळ. दुसऱ्या उन्हाळ्यात इर्याने त्यावर बादली ठेवायचा विचार केला असेल, पण ठेवली नाही.

राहिली बशी. राउहा रोज सकाळी धक्क्याच्या टोकाशी जाते आणि वाकून बघते. तळ्यासाठी नाही, असं ती सांगते, बशीसाठी. हळूहळू इतरही वाकू लागले. मुलं पोहायच्या आधी बघतात. ताउनो गाडी थांबवून बघतो आणि पुढे जातो. बंगलेवाले विचारतात की सगळे पाण्यात काय बघतात, मग कुणीतरी त्यांना बशीची सगळी गोष्ट सांगतं, त्यांच्या सांडपाण्याच्या टाकीसकट. गावात हल्ली नमस्कार-चमत्कार राहिले बाजूला, लोक एकमेकांना विचारतात, "बशी दिसली का?"

"नाही अजून."

वेनलाने आता खरी, काळ्या-पांढऱ्या रंगाची चकती आणली आहे. दर काही दिवसांनी ती सोडते आणि सांगते की काळं-पांढरं थोडं आणखी खोल दिसतंय, अगदी थोडं, आणि खत थांबल्यावरही तळाशी साठलेलं बाहेर यायला वर्षं लागतात. राउहाला हे पटत नाही. तिच्या मते तळं हट्टी आहे. हट्टी माणसाशी कसं वागायचं ते तिला माहीत आहे.

परवा आर्वोला दया आली. तो मासे काढायची जुनी जाळी घेऊन धक्क्यावर निघाला. "बसतेस रोज कमरेत वाकून," तो म्हणाला. "चाचपडून काढतो बशी. कुठे पडलीय ते साधारण ठाऊक आहे मला."

राउहाने जाळी त्याच्या हातातून काढून घेतली.

"हात लावशील तर बघ," ती म्हणाली. "दिसल्याशिवाय काढायची नाही."