चांदणी लावलेलं क्रियापद

तेजलच्या त्या क्रियापदाचा हंसाआजीला वीट आला होता. नात जर्मनीहून सुट्टीला बोईसरजवळच्या माहीमला आली ती ते सोबत घेऊनच. जर्मन, इंग्रजी, डच या भाषांची दोन हजार वर्षांपूर्वी एक आई होती म्हणे, हे क्रियापद तिच्या तोंडचं. ते कुठे लिहिलेलं नाही. पोरगी लेकींकडे उरलेले शब्द जुळवून ते बांधत होती आणि त्याच्या आधी चांदणी काढत होती.

"चांदणी कशाला?"

"म्हणजे कुठे सापडलेलं नाही, आमचा अंदाज."

"तिकडे कावळे बोंबील नेतात, आनि तू अंदाज बांध. परक्यांच्या आईचा शब्द हवा, पन तुझी पणजी बोंबील कशी..."

हंसाआजी अडली. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, या कामाला आईचा स्वतःचा एक शब्द होता. साठ वर्षं हात ते काम करत होते. शब्द मात्र गेला होता. आता सगळे नुसतं 'टांग' म्हणत.

तीन दिवस तिने घरात कोणाला धड बोलू दिलं नाही.

"आजी, एका लेकीवर भागत नाही," तेजल म्हणाली. "दुसरीला विचार."

दुसरी लेक म्हणजे हंसाआजीची तारापूरची बहीण, पारू. आईच्या बाराव्याला तिने चारचौघांत म्हटलं होतं, हंसा शेवटी आईजवळ नव्हती. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद.

चौथ्या दिवशी हंसाआजीने स्पीकरवर फोन लावला आणि एका दमात विचारून टाकलं.

"सात वर्षांनी हे विचारतेस, बाय?"

"ठाऊक हाय का नाय?"

पारूने एक शब्द सांगितला. सुरुवात आईचीच होती.

"शेवट असा नव्हता."

"मग तू सांग."

"मला येत असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

"तुला कसं येनार, तू तर..." पारू थांबली. "ओले बोंबील घेऊन ये. हाताला लागले का शब्द तोंडात येईल. तुमच्या माहीमचे बारके असतात, तरी आन."

"बारके म्हने," फोन ठेवून हंसाआजी पुटपुटली आणि बोंबलांची पाटी शोधू लागली. तेजलने वहीत पेन्सिलीने चांदणी काढून पुढे पारूआजीचा शब्द लिहिला होता.

"तारापूरला जायला बोईसरची रिक्षा बघ," हंसाआजी म्हणाली. "आनि खोडरबर घे."