जाऊन आलेली वाकळ

सोलापूरची चादर साऱ्या मुलखात जाते आणि ती विणणाऱ्यांच्या घरात पांघरायला असते जुन्या लुगड्यांची वाकळ. आमच्या गिरणीच्या चाळीत तर सकाळी दारादारापुढे एकेक वाळत पडलेली असायची. त्यामुळे लीलाबाईंनी महिला मंडळात जेव्हा सांगितलं, की कॅनडातल्या बायकांना आपल्या वाकळा हव्या आहेत, तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले. मागायचीच होती तर चादर तरी मागायची.

पण लीलाबाई हसण्यावारी नेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, इंग्रजी मासिकं मागवायच्या आणि चाळीतल्या बायकांना जगाची माहिती व्हावी म्हणून जीव टाकायच्या. अशाच एका मासिकात त्यांना ही टूम सापडली. देशोदेशीच्या बायकांनी आपल्या हातची वाकळ टपालाने एकमेकींकडे पाठवायची, एक हिवाळा ती परक्या घरात वापरायची आणि हिवाळा सरला की जिची तिला परत. पंचाहत्तर साल होतं. लीलाबाईंनी पत्रव्यवहार करून एक एडिथबाई गाठली आणि मग चांगली वाकळ शोधत आमच्या चाळीत आल्या.

गोजरबाईच्या दोरीपाशी येऊन त्या थांबल्या. मला वाटलंच होतं.

गोजरबाई माझी शेजारीण. माहेर वैरागचं, बोलणं थोडं, हात मात्र सोन्याचा. तिची ती वाकळ पाहून कुणीही थांबलं असतं. वरून धुऊन धुऊन मऊ झालेलं हिरवं इरकली लुगडं, कडेने त्याचेच लाल काठ, आणि धावदोरा असा की मुंग्यांची रांग चालली आहे असं वाटावं. चारी बाजूंनी फेर घेत घेत टाके मधोमध येऊन संपलेले.

लीलाबाईंना वरचं दिसलं. आतलं मला ठाऊक होतं.

गोजरबाईची यशोदा दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. सोळा वर्षांची, एकुलती एक. दिवसकार्य झाल्यावर तिचा बाप महिपती म्हणाला, ‘पोरीचं कापड घरात ठिवू नगं. देऊन टाक कुनाला तरी.’ गोजरबाईने सांगितलं, दारावर एक मागणारी आली होती, तिला दिलं. खोटं. दुपारी महिपती गिरणीत असताना तिने माझ्या घरात ती कापडं पसरली. शाळेचा निळा स्कर्ट, खिसा फाटलेला लहानपणचा झगा, दोन परकर, गड्ड्याच्या जत्रेत हट्ट करून घेतलेली पिवळी ओढणी. थरावर थर लावून वर हिरवं लुगडं घातलं. मी कडा ताणून धरल्या आणि ती शिवत गेली. ओढणी तिने मधोमध ठेवली. मला रडू आवरेना, ती मात्र रडली नाही. म्हणाली, ‘टाका वाकडा जाईल, मथुराक्का.’

वाकळेच्या पोटात काय आहे ते शिवणारीलाच माहीत असतं. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. आणि वाकळ कुणी कधी उसवत नाही. फाटली तर वरून ठिगळ लावायचं, विरली तर अख्खं लुगडं चढवायचं. म्हणून आमच्याकडची वाकळ वर्षागणिक जड होत जाते. माझ्या सासूची वाकळ उचलायला दोघी लागायच्या.

लीलाबाई गेल्यावर मी गोजरबाईवर तडकलेच. ‘डोकं फिरलंय का तुझं? दुसरी कुठलीही दे. ही नको.’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘पोरगी कुटं गेलीती का गं कवा? वैरागच्या पल्याड ठावं न्हाई तिला. बाईंच्या तासाला जग बघायची अन् घरी यिऊन सांगायची, आई, मी जहाजात बसनार. बसू दे की. एक हिवाळा तर हाय. जाऊन यील.’

मी तिच्या सुपातले खडे काढायला बसले.

पार्सल बांधायचं ठरलं त्या दिवशी लीलाबाई मेणकापड, सुतळी, सगळं घेऊन आल्या. एडिथबाईला सोबत पत्र द्यायचं होतं. ‘गोजरबाई, तुम्हाला काही सांगायचंय का त्यांना?’

गोजरबाई लाजली. मग म्हणाली, ‘लिवा की, थंडीत खुशाल वापरा म्हनावं. घरात लेक असंल तर तिला पांघरू द्या. अन् फाटली-बिटली तर भिऊ नगा. आपल्या घरचीच समजा अन् शिवा.’

लीलाबाईंनी शब्द न् शब्द इंग्रजीत उतरवला. त्यांची काही चूक नाही. गोजरबाईचीही नाही. आपल्या घरची समजा, यापरीस चांगलं माणूस दुसऱ्याला काय सांगणार?

महिपती पहिली पाळी संपवून आला होता. दारात बसून तंबाखू मळत होता. हा माणूस तसा घरकामाला हात लावणारा नव्हे. पाण्याचा तांब्याही बसल्या जागी मागायचा. फक्त ही वाकळ मात्र तोच उन्हात टाकायचा. दर रविवारी दोन्ही हातांवर आडवी घेऊन बाहेर आणायचा, दोरीवर पसरायचा, ऊन कललं की आत न्यायचा. मी चिडवायची, ‘भावजी, लुगडी धुवायला कधी घेताय?’ तो नुसता हसायचा.

सुतळीची गाठ बसली तसा तो बसल्या जागेवरून म्हणाला, ‘गोजरे, ये म्हन तिला. नुस्तं जा म्हनू नगं.’

मी हसले. वाकळेला कोण ‘ये’ म्हणतं? गोजरबाईने मात्र पार्सलवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘जाऊन ये.’

तिकडची वाकळ दिवाळीच्या सुमारास आली. सारी चाळ बघायला लोटली. एडिथबाईने चांगलं कोरं कापड घेऊन त्याचे तुकडे केले होते आणि ते तुकडे पुन्हा जोडले होते! ‘मग कापलं कशाला?’ चाळीतल्याच शिवम्माने विचारलं आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. पण देखणी होती हो. चांदण्या होत्या तिच्यावर, निळ्या आणि पांढऱ्या. आणि हलकी इतकी की पांघरूण घेतलंय हे अंगाला कळू नये. लीलाबाईंनी सांगितलं, आत लोकर पिंजून भरतात, मधूनमधून उसवून नवी घालतात. शिवम्मा म्हणाली, ‘म्हंजे गादीवानी की.’ तेव्हा आम्हाला ती एक गंमत वाटली.

ती वाकळ हिवाळाभर गोजरबाईकडेच राहिली. एकदा दाराच्या खिळ्याला अडकून कोपरा फाटला आणि आतली लोकर बाहेर डोकावली. गोजरबाईचा जीव अर्धा झाला. तिने ती लोकर बोटाने हलकेच आत सारली, आपल्या ठेवणीतल्या खणाचा तुकडा कापला आणि वरून ठिगळ लावलं, तेही चांदणीच्या आकाराचं. मी म्हटलं, जरा उसवून बघू तरी आत कसं भरलंय. तिने माझा हात बाजूला केला. ‘दुसऱ्याच्या वाकळंच्या पोटात हात घालू न्हाई. काय ठिवलं असंल बाईनं, आपल्याला काय ठावं?’

थंडी सरल्यावर एडिथबाईची वाकळ परत गेली. आमची यायची होती. जहाजाने यायला महिने लागतात, लीलाबाई सांगायच्या. गोजरबाई तोंडाने काही विचारत नसे, पण पोस्टमन चाळीत शिरला की हातातलं काम थांबायचं. मृग गेला, आषाढ गेला. तिने खाटेवरची जागा झाडून रिकामी ठेवली होती, त्यावर दुसरं काही ठेवू द्यायची नाही.

श्रावणात लीलाबाईंचा निरोप आला, पार्सल आलंय. आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. गोजरबाईने धुवट लुगडं नेसून, वेणी घालून घेतली होती. स्टेशनवर लेकीला आणायला जावं तशी ती निघाली होती, आणि मला त्या वेळी ते बघून बरंच वाटलं होतं.

लीलाबाईंनी मेणकापड आधीच सोडवलं होतं. हिरवं लुगडं, लाल काठ, सगळं जसंच्या तसं. धुऊन इस्त्री केल्यासारखं स्वच्छ. ‘घ्या गोजरबाई, तुमची वाकळ कॅनडा बघून आली!’ लीलाबाई इतक्या आनंदात होत्या.

गोजरबाईने पाय रोवले, दोन्ही हात खाली घातले आणि झोपलेलं मूल उचलावं तसा जोर लावून तिला उचललं. आणि तिचा तोल गेला. हात एकदम वर आले, छातीच्याही वर. वाकळेला वजनच नव्हतं.

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, ‘बाई, ही माजी न्हवं.’

‘असं कसं? हे काठ बघा, टाके बघा.’

टाके तिच्यासारखेच होते. पण सगळे नवे होते. बारीक, नेटके, नीट निरखल्याशिवाय कळू नयेत असे. आणि मधोमध दाबलं की बोट खाली जात होतं.

‘पत्रात सगळं लिहिलंय,’ लीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कौतुकाने मराठी करत करत वाचायला सुरुवात केली. वाकळ पोचली तेव्हा एक कड फाटली होती, आत ओल शिरली होती. आपल्या घरची समजा असं तुम्ही लिहिलं होतं, म्हणून आम्ही ती घरच्यासारखीच दुरुस्त केली. आत जुने फाटके कपडे भरलेले निघाले. भरायला दुसरं काही मिळालं नसेल हे आम्ही समजू शकतो. आमच्या मंडळातल्या साऱ्या जणींनी मिळून उत्तम लोकर दिली आणि तुमच्याच टाक्यांच्या भोकांतून, तुमच्यासारखेच टाके घालून ती शिवली. मी आणि माझी मुलगी तीन आठवडे बसत होतो. ते कपडे बुरशीने गेले होते, ते मागच्या अंगणात जाळून टाकले. आता ही वाकळ तुम्हाला पुष्कळ वर्षं ऊब देईल.

लीलाबाईंनी पत्र खाली ठेवलं. ‘किती माया बघा! तीन आठवडे!’ मग त्यांनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. ‘काय झालं?’

मला राहवलं नाही. ‘यशोदेची कापडं होती, बाई. तुमच्या शाळेचा स्कर्ट होता.’

लीलाबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांना त्या मुलीचं अक्षरसुद्धा आठवत असणार. मला खरं तर कुणावर तरी भडकायचं होतं. पण कुणावर? त्या बाईने मुद्दाम काही केलं असतं तर तिच्यावर भडकता आलं असतं. हिने लोकर घातली होती.

‘मी आजच त्यांना लिहिते,’ लीलाबाई कसंबसं म्हणाल्या.

‘लिवा की,’ गोजरबाई म्हणाली. ‘वाकळ पोचली म्हनावं. लई चांगलं केलंत म्हनावं. दुसरं काय लिवू नगा. ती बी लेकीची आई हाय.’

रस्त्यात वाकळ काखेत मावत होती, एका हाताने धरता येत होती, तेच बघवत नव्हतं. चाळीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. ‘मथुराक्का,’ ती म्हणाली, ‘पयल्यांदा बी मला मसनवटीत जाऊ दिलं न्हाई. बाप्यांनी नेली. आता तितं कोन व्हतं गं जवळ? ती जळताना कोन उभं ऱ्हायलं असंल?’

मी तिचा दंड धरला.

ती घरात गेली, वाकळ झाडून ठेवलेल्या खाटेवर ठेवली आणि भाताचं आधण चढवलं. मला म्हणाली, ‘ह्यांना काय बोलू नगंस. त्यांना ठावंच न्हाई आत काय व्हतं ते. मागनारीला दिली म्हनून सांगितलंय म्या.’ मी मान हलवली. तेवढं तरी बरं, असं मनात आलं. एकीच्याच जिवाला घोर.

भोंगा झाला. महिपती आला. दारातूनच त्याला खाटेवरचं हिरवं दिसलं आणि त्याचा चेहरा असा उजळला, तीन वर्षांत मी तसा पाहिला नव्हता. ‘आली व्हय!’ म्हणाला. डबा खाली ठेवला, हात धुतले, पंच्याला नीट पुसले. श्रावणातलं ऊन पडलं होतं बाहेर. त्याने नेहमीसारखे दोन्ही हात वाकळेखाली घातले आणि तिला आडवी उचलली.

मी दारात उभी होते. मला त्याची पाठ दिसत होती. तो बाहेर निघाला नाही. हातांवर ती तशीच धरून उभा राहिला, मग हात थोडे खाली-वर करून पाहिले.

‘गोजरे,’ तो म्हणाला, ‘पोरगी कुटं हाय?’

गोजरबाईच्या हातातली पळी आधणात पडली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

‘ये म्हन म्हनलो व्हतो तुला,’ तो म्हणाला.

‘म्हनले व्हते,’ ती म्हणाली आणि चुलीपुढे खाली बसली. तीन वर्षं, टाका वाकडा जाईल म्हणून, धरून ठेवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं.

तो बाहेर आला नाही. वाकळ तशीच हातांवर घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसला. मी पुढे होऊन त्यांचं दार ओढून घेतलं.