आवडा मेंढरांमागे गेली

नानासाहेब तीनदा आमदार झाले आणि सभागृहात त्यांनी विचारलेला जवळपास प्रत्येक प्रश्न माझ्या हातचा. लोक मला पीए म्हणतात, नानासाहेब नुसतं रामकिसन म्हणतात, आणि बायको जे म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं संपर्क कार्यालय आहे. सकाळपासून माणसं येतात, गाऱ्हाणं सांगतात, चहा पितात, आणि मी त्यांच्या रडगाण्याचा तारांकित प्रश्न करतो. सरकारला रडणं कळत नाही, 'हे खरे आहे काय' असं विचारलं तरच कळतं. अमुक रस्ता वाहून गेला, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने कोणती कारवाई केली? नसल्यास विलंबाची कारणे काय? मंत्र्यांकडून उत्तर येतं, हे खरे नाही. कधी येतं, अंशतः खरे आहे, म्हणजे सगळंच खरं आहे पण कबूल कोण करणार! आणि पहिलंच कलम खोटं ठरलं की खालच्या सगळ्या कलमांना एकच उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. या वाक्यांवर माझं पोट चाललं, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. तरी ठेवतो.

बानाबाई आली ती दिवाळीनंतर. सोबत नवरा त्रिंबक आणि शेजारची कस्तुराबाई. अजिंठ्याच्या पुढं, सोयगावच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची बोरदऱ्याची वस्ती. मेंढरं राखणारी माणसं. बापे निम्मं वर्ष कळपामागं हिंडतात, बाया पोरांना घेऊन वस्तीवर राहतात. शाळा ओढ्याच्या पलीकडं, मळ्यात, आणि तिच्या पटावरची बहुतेक पोरं या वस्तीची. ओढ्यावर पूल नाही.

"वर डोंगरात पडला की इथं कोरडं ऊन असतंय, अन् ओढा एकदम फुगतोय," कस्तुराबाई सांगत होती. "पोराला काय कळतंय? माझी दोन जात्यात रोज. बारकं तर माझ्या कमरंएवढं बी नाय."

"यंदा काही झालं का?" मी विचारलं.

त्रिंबकाने बायकोकडं पाहिलं. मग तोच बोलला. "आमची आवडा गेली. पाचवीत व्हती. श्रावणात. म्या मेंढराबरं व्हतो, मला तिसऱ्या दिशी कळलं."

मला विचारावंच लागतं म्हणून मी विचारलं, पोलिसांत नोंद आहे का, पोस्टमार्टेम झालं का. इतका वेळ गप्प बसलेली बानाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"कापू नाय दिलं."

पोरगी खाली झुडपाला अडकलेली सापडली होती. पोलीस पाटील म्हणाला, तालुक्याला न्यावं लागंल, तिथं चिरफाड करतील. बानाबाईने पोरीला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. शेवटी पोलीस पाटलालाच गलबलून आलं. तो म्हणाला, मी काही बघितलं नाही, काय ते करा. मग वस्तीच्या माणसांनी ओढ्याच्या वर, बोरीखाली, मीठ घालून तिला पुरलं. अंगावर शाळेचाच ड्रेस. वरून बापाची घोंगडी गुंडाळली, कारण तो स्वतः नव्हता. हे सगळं कस्तुराबाईनं सांगितलं. बानाबाई खिडकीतून चौकातल्या रिक्षा बघत होती.

कागदाशिवाय प्रश्न लंगडा पडतो, हे मी त्यांना सांगितलं. तरी लिहिला. 'मौजे बोरदरा वस्ती येथील विद्यार्थिनी कु. आवडा हिचा ओढ्याच्या पुरात वाहून जाऊन मृत्यू झाला, हे खरे आहे काय?' आणि खाली पुलाचं कलम. बानाबाईने मला तो मोठ्यानं वाचायला लावला. "व्हय, हे खरं हाय," ती म्हणाली, जणू मीच मंत्री होतो.

प्रश्न नागपूरच्या अधिवेशनात लागला, आणि यादीत वर लागला. गुडघे धरल्यामुळं मी त्या वर्षी गेलो नव्हतो. बानाबाई पहाटेच्या एसटीने आली आणि ऑफिसातल्या टीव्हीसमोर, खुर्ची देऊनही, खालीच बसली. अध्यक्षांनी नानासाहेबांचं नाव पुकारलं तसा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

मंत्री उठले आणि म्हणाले, छापील उत्तराप्रमाणे. म्हणजे, हे खरे नाही.

नानासाहेब उसळले. माणूस तापट आहे पण मनानं सच्चा. म्हणाले, अध्यक्ष महाराज, त्या पोरीची आई या क्षणी माझ्या कार्यालयात बसून हे ऐकतेय. तिच्या तोंडावर सांगा, मग पोरगी गेली कुठं? अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी आली. मंत्र्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, "सदर विद्यार्थिनी पालकांसोबत स्थलांतरित झाल्याची शाळेत नोंद आहे. अध्यक्ष महाराज, हा मेंढपाळ समाज आहे, मुलं अशी जातात. सन्माननीय सदस्य विचारतात ती मुलगी मेंढरांमागे गेली आहे."

बाकावर कुणीतरी हसलं. मास्तरचाही दोष काढवत नाही. मेल्याचा दाखला नाही, पोरगी येत नाही, धनगराची आहे. त्यानं दर वर्षी लिहितात तेच लिहिलं.

बानाबाई माझ्याकडं वळली. तिचा चेहरा मला अजून पुसता येत नाही. त्यात राग नव्हता. "भाऊ, कोणच्या वाटंनं गेली म्हणला सायब?"

तिचं तिलाच भान आलं असावं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि हुंदका आत ढकलला. तिकडं टीव्हीत नानासाहेब ओरडत होते की हे खोटं निघालं नाही तर राजीनामा देतो, आणि अध्यक्ष म्हणत होते की चौकशी करून माहिती द्यावी, प्रश्न राखून ठेवतो. राखून ठेवलेला प्रश्न म्हणजे उतरंडीतलं गाडगं, वरची सगळी उतरवल्याशिवाय हाती लागत नाही.

पण या वेळी चौकशी खरंच निघाली. नानासाहेबांचा फोन आला. "रामकिसन, तहसीलदार म्हणतात कागद नाही तर देह दाखवा. उकरावं लागेल. तिथंच डॉक्टर तपासतील. तू जा, बाईला नीट समजाव. मला तोंड नाही तिला सांगायला."

मला होतं जणू! संक्रांत झाल्यावर गेलो. तहसीलदार, डॉक्टर, दोन शिपाई, आणि खांद्यावर फावडी घेतलेली माणसं जरा लांब उभी राहिली. तहसीलदार वयानं लहान होते आणि अवघडून गेले होते. मी बानाबाईच्या दारात बसून सांगायचं ते सांगितलं. आवडा इथं मेली हे सिद्ध झालं तर पूल मागता येईल, नाहीतर विषय संपला.

त्रिंबक कळपाबरोबर लांब होता. त्याला फोन लागला तेव्हा तो एवढंच म्हणाला, की तिला इचारा, पोर तिनं पोटाशी धरली व्हती, म्या नव्हतो.

"कापू नये म्हणूनच पुरली ना म्या?" बानाबाई म्हणाली. "अन् तुमच्या कागदावर ती मेंढरामागं गेलीय. ऱ्हाऊ द्या की भाऊ तशीच. कुठंतरी जिती हाय माझी लेक, सरकारात का व्हईना."

मी उठलो. तिथून निघून जावं, नानासाहेबांना सांगावं की बाई नाही म्हणते, आणि राजीनामा द्या नाहीतर देऊ नका, असं वाटलं. खरंच निघालो होतो. तेवढ्यात कस्तुराबाई आली. तिनं हात जोडले नाहीत, पाया पडली नाही. धाकट्याला पुढं धरून नुसती उभी राहिली.

"बाना, माझी दोन हायेत गं," ती म्हणाली.

बानाबाईने त्या पोराकडं पाहिलं. मग उठली, घरातून दुसरी घोंगडी काढली आणि बोरीकडं चालू लागली. "खंदा," ती त्या माणसांना म्हणाली. "पर डोक्याकडनं नगा. हळू."

खणून झाल्यावर तिनं आणि कस्तुराबाईनं घोंगडीचा आडोसा धरला, आतलं कुणाला दिसू नये म्हणून. डॉक्टर आत, बाकी आम्ही बाहेर. बानाबाईनं मात्र तोंड आतल्या बाजूला केलं होतं. शेवटपर्यंत तिनं नजर काढली नाही आणि हातही खाली घेतले नाहीत. जे होऊ नये म्हणून तिनं पोलीस पाटलाच्या पुढ्यात पोर उराशी धरली होती, तेच ती उभी राहून बघत होती. मी ओढ्याकडं जाऊन बसलो. ओढा कोरडा होता. एखादं पोर उड्या मारत ओलांडून जाईल इतका साधा.

काम झाल्यावर तहसीलदारांनी तिला नमस्कार केला. ती म्हणाली, "आता पुन्हा मीठ आणावं लागंल," आणि घराकडं गेली.

मग आम्ही वाट पाहिली. उन्हाळा गेला, पावसाळी अधिवेशन मुंबईत भरलं. प्रश्न यादीत खाली होता आणि वर रोज कुठल्या ना कुठल्या गोंधळात तास संपत होता. शेवटी पुकारला गेला नाहीच. न पुकारलेल्या प्रश्नांची उत्तरं नुसती छापून सभागृहाच्या टेबलावर ठेवतात. नानासाहेबांनी मला त्या कागदाचा फोटो पाठवला आणि खाली एक ओळ लिहिली, 'आधी तू वाच.' मी वाचला. मग एसटी पकडून बोरदऱ्याला गेलो, कारण हे फोनवर सांगायचं नव्हतं.

बानाबाई ओसरीवर लोकर पिंजत बसली होती. मला बघून तिनं पाणी आणलं. "आलं व्हय उत्तर?"

"आलं."

"वाचा."

मी वाचलं. कुमारी आवडा हिचा मृत्यू झाला, हे खरे आहे. तथापि सदर शाळेची पटसंख्या कमी झाल्याने ती गावातील शाळेत समायोजित करण्यात आली आहे. सबब विद्यार्थ्यांना ओढा ओलांडावा लागत नाही. पुलाच्या मंजुरीचा प्रश्न उद्भवत नाही.

"ते खालचं मला नाय कळलं," ती म्हणाली.

मी समजावून सांगितलं. आवडा गेल्यापासून वस्तीच्या बायांनी भिऊन एकेक करत पोरं धाडायची थांबवली. पोरं गेली नाहीत म्हणून पट घटला, पट घटला म्हणून शाळा बंद केली, आणि शाळाच नाही तर पूल कशाला? गावातली शाळा दोन डोंगर लांब. कस्तुराबाईची दोन्ही आता बापाबरोबर कळपामागं होती. हे सांगताना मला माझीच शिसारी आली. इतकी वर्षं मी याच भाषेत प्रश्न लिहिले होते, आणि उत्तरात एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

"अन् वरचं? पैलं?"

"हे खरे आहे, असं म्हटलंय."

"म्हंजी सरकारात बी मेली."

"व्हय, बाई."

ती लोकर पिंजत राहिली. बोरीखालची माती अजून नव्यानं भरल्यासारखी दिसत होती, आणि पलीकडं ओढ्याला पाणी चढत होतं. मी उठायच्या बेतात होतो, तेव्हा तिनं हात थांबवला.

"भाऊ, अजून एक सवाल घालता?"

"पुलाचा? घालतो की. पुन्हा घालू. नानासाहेब सोडायचे नाहीत."

"पुलाचा नगं." ती थांबली, आणि मग मी ऑफिसात वाचून दाखवला होता त्याच चालीत, शब्द एकेक ठेवत म्हणाली, "बोरदऱ्याची आवडा मेंढरामागं गेलीय, हे खरं हाय काय?"

मी उठायचं सोडून पुन्हा टेकलो.

"मागच्या टायमाला तो सायब आपल्या तोंडानं म्हणला व्हता. आता इचारलं तर पुन्हा व्हय म्हणंल का?"

मला रडू फुटलं. ती मात्र रडली नाही. मांडीवरची लोकर तशीच धरून ती माझ्या उत्तराची वाट बघत बसून राहिली.