चोवीस खणांची नावं

मित्रांनो, मी एक जुनं कपाट आहे, पाइनच्या लाकडाचं, चोवीस खणांचं. नारेव नदीकाठच्या गावात आपोलोनियाबाईंच्या स्वयंपाकघरात माझी उमेदीची वर्षं गेली. बाई रानातली औषधं वाळवून माझ्यात ठेवत आणि खणाखणावर शाईने नाव लिहीत. त्या नावांचा मला फार अभिमान होता. झिवोकोस्त म्हणजे हाड जिवंत करणारा. मोडलेल्या पायाला त्याचाच लेप. पोदब्याऊ म्हणजे खालून पांढरा. पान उलटलं की पटतंच. म्निशेक म्हणजे छोटा साधू, कारण बिया उडाल्या की त्याचं डोकं मठातल्या मुंडण केलेल्या साधूसारखं तुळतुळीत. ऑगस्टात चर्चमध्ये औषधी झाडपाल्याच्या जुड्यांवर आशीर्वाद घ्यायला जाण्याआधी गावच्या बायका माझ्यापुढे उभ्या राहून नावं ताडून बघत.

बाईंची नजर गेली, तेव्हा मी उरल्यासुरल्या औषधांसकट त्यांच्या भाचेसुनेकडे, व्येस्वावाकडे आलं. ती भारी हौशी. तिने मला खरवडून पांढराशुभ्र रंग दिला आणि खणांवर आकडे टाकले. पाहुणे वाहवा करत. मला मात्र चारचौघांत उघडं पडल्यासारखं वाटे.

तिच्या नवऱ्याचं, रोमुआल्दचं, पोट सारखं बिघडे. त्याला जुराव्येत्सचा काढा द्यायचा म्हणून जुलैत तिने रस्त्याकडेची पिवळी फुलं पानांसकट आणून सात नंबरच्या खणात वाळवली. पिवळी फुलं, एवढी खूण तिला पुरली. पहिला काढा उकळत होता, तेवढ्यात आपोलोनियाबाई भेटायला आल्या. वास घेऊन दारातच थबकल्या.

"एक पान खिडकीशी धर गं. उजेडात बारीक भोकं दिसतात?"

"नाही, मावशी."

"एकही?"

"एकही नाही."

"मग ओतून टाक. माझ्या भाच्याचं लिव्हर घालवशील. अगं, जुराव्येत्स म्हणजे भोकाभोकांचा. खूण नावातच सांगून ठेवलीय, आणि तू नावच खरवडलंस."

व्येस्वावा रडली. मग शाई घेऊन बसली. बाई एकेक खण हुंगून नाव सांगत, अर्थही सांगत, आणि ती लिहीत गेली. तेवीस खण झाले. चोविसाव्यातली मुळं बाईंनी हुंगली, बोटांनी चाचपली, पुन्हा हुंगली.

"आईने शिकवलं होतं हे," त्या म्हणाल्या. "गेलं डोक्यातून."

मित्रांनो, जुनं सामान खुशाल रंगवा. पण त्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, आणि सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. माझा चोविसावा खण आजही भरलेला आहे. त्यातली मुळं माणसाला बरं करतात की मारतात, हे आता कुणालाच ठाऊक नाही.