गाण्याचा धुरा

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकते. बी.एड.ला मी वर्गात पहिली आले होते, त्यामुळे चुका करायला लागतो तो आत्मविश्वास माझ्याकडे भरपूर.

बोदलकसाजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवड्याचा एक तास गावातल्या कलाकाराला द्यायचा, ही टूम मीच काढली. मुख्याध्यापक बिसेन सर म्हणाले, "मॅडम, पंधरा ऑगस्टला पालकांसमोर करून दाखवा. जमलं तर तास तुमचा, नाही तर गणिताला परत."

मी रुक्माबाईंना गाठलं. वय पासष्ट, रोवणीची गाणी तोंडपाठ. चिखलात वाकून धानाचं रोप लावत, मागे मागे सरकत त्या गातात आणि बाकीच्या बाया झील धरतात. त्यांची नात साक्षी माझ्याच सातवीत. पोरी तिला 'चिखलवालीची नात' म्हणून चिडवायला लागल्या, तेव्हा ती आजीला म्हणाली, "तू शाळेत येऊ नको." त्या दिवसापासून तिने आजीशी बोलणंच टाकलं.

"आठ दिस झाले," रुक्माबाई मला म्हणाल्या. "पोरगी ताटावरबी बोलत नाई. पन तुमाले हो म्हनून बसली मी." त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, तरी मी तास सोडला नाही. अशी मी.

सराव त्यांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात झाला, ऐन रोवणीत. सात पोरी गुडघाभर चिखलात उभ्या, मी कडेच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वही घेऊन कोरडी. गाणं पाच मिनिटांचं, असं मी घड्याळ लावून लिहिलं. ते संपतं कशामुळे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, आणि नवं लुगडं नेसलेल्या रुक्माबाई झेंड्यापाशी वाकल्या. पालकांकडे तोंड, पाठीमागे मोकळं मैदान.

*मांगं मांगं सरा वो बाई, पुढं हिरवं करा...*

काय आवाज होता! बिसेन सरांचा पायसुद्धा ताल धरू लागला. पाच मिनिटं झाली. मी टाळी वाजवायला हात वर केले. गाणं थांबेना. सात मिनिटं, आठ. रुक्माबाई वाकून मागे सरकतच होत्या, सात पोरी बिचाऱ्या सोबत. निम्मं मैदान संपलं. आवाज बारीक होत चालला, पण खाली घातलेली मान वर होईना.

"बुढी बोदलकसाले जाऊन राहिली का?" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. बिसेन सरांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं.

मी धावत जाऊन कानाशी म्हटलं, "रुक्माबाई, थांबा आता."

त्या वाकलेल्याच राहून, दोन ओळींच्या मधे, धापा टाकत म्हणाल्या, "कशी थांबू, बाई? धुरा कोठी आहे? टाच धुऱ्याले लागली का गाना सरते. अर्ध्या बांधीत कोनी सोडते का?"

मी मैदानभर नजर फिरवली. मैदानाला कुठला धुरा!

तेवढ्यात सातवीच्या रांगेतून साक्षी उठली. सगळ्यात मागे, तोंड लपवून बसली होती ती. आता पळून जाणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मी तिला दोष दिला नसता. पण ती मैदानाला वळसा घालून पळाली आणि आजीच्या पाठीमागे, पाय पसरून, पांढऱ्या गणवेशानिशी ओल्या मातीत आडवी बसली.

रुक्माबाई आणखी दोन पावलं मागे आल्या. त्यांची टाच नातीच्या पायाला लागली.

आता गाणं सरणार होतं. शेवटची ओळ त्यांनी अशी काही लांबवून ठेवली की हसणारेही गप्प झाले. मग कमरेवर हात ठेवून त्या सरळ झाल्या आणि वळून पाहिलं.

"माय वो! तुहा डरेस भरला ना चिखलानं."

"भरू दे," साक्षी म्हणाली. इतक्या दिवसांतला पहिला शब्द. "आजी, दुसरी बांधी धर. मी आहो ना इथं."