अर्ध्या गोलाच्या पायऱ्या

आसावरीची गाडी ड्राइव्हवेत वळली तेव्हा सुजाता स्टुलावर चढून बाबासाहेबांचा फोटो उतरवत होती. त्याच खिळ्यावर कॅलेंडर अडकवायचं, फोटो कपाटात रजयांखाली ठेवायचा. अमेरिकेतल्या या श्रूजबरीत आल्यापासूनच्या पाच वर्षांत या कामात तिचा हात चांगलाच बसला होता.

पहिल्याच वर्षी एका पॉटलकच्या जेवणात आसावरी कुणाबद्दल तरी म्हणाली होती, "ते कोट्यातले गं, लगेच कळतं." सुजाता प्लेटमधला पुलाव चिवडत हसली होती. त्या हसण्याची तिला अजून लाज वाटे. पण परक्या गावात जीव लावणारी मैत्रीण एकच, तीही हातची गेली तर? सुजाताच्या आजारपणात महिनाभर डबा आणून देणारी हीच आसावरी.

डायनिंग टेबलावर उपासना लॅटिनच्या वर्गासाठी फोमबोर्डचं रोमन थिएटर चिकटवत बसली होती. आईची लगबग तिने पाहिली आणि मान खाली घातली.

"अगंबाई, कोलोसियम!" आसावरी आत येताच म्हणाली.

"नो काकू, ते फुल राउंड असतं. धिस इज अ थिएटर. हाफ."

"आणि एवढे जिने कशाला गं?"

"सो दे डोन्ट मीट. खाली रिच लोक, सगळ्यात वर पुअर अँड स्लेव्ह्ज. प्रत्येकाचा जिना वेगळा."

"तिकिटाप्रमाणे?"

"नो. तुम्ही कोणाकडे जन्मलात, मोस्टली त्यावर."

आसावरीला गंमत वाटली. टूथपिकला चिकटवलेली कागदी माणसं शेजारी पडली होती, त्यांतली दोन उचलून तिने अगदी पुढच्या रांगेत खोचली.

"हे आम्ही. आणि हे तुम्ही, आमच्या शेजारी. हो की नाही गं, सुजाता?"

आत्ताच सांगून टाकावं, असं सुजाताला फार वाटलं. एका वाक्याचं तर काम होतं. तिने चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

उपासनाने आईकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे. मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी स्वच्छ मराठीत म्हणाली,

"हो काकू. आपण सगळे एकत्रच बसलो असतो."

"गुणाची पोर," आसावरीने तिच्या गालावरून हात फिरवला. मग शाळेच्या, सेलच्या, भारताच्या तिकिटांच्या गप्पा झाल्या. तासाभराने ती उठली.

दार लागल्यावर सुजाता पुन्हा स्टुलावर चढली आणि तिने कॅलेंडर काढलं. उपासनाने न सांगताच कपाटातून फोटो आणला, काच बाहीने पुसली आणि दोन्ही हातांनी वर धरला.

"आई, मी नीट बोलले ना? शी डिडन्ट नो, राइट?"

सुजाताने फोटो घेतला. ती भिंतीवर खिळा चाचपत राहिली. तो समोरच होता, पण तिला दिसेना.