लहान हाय, सुटंल!

बिराप्पा तसा हिशेबाला पक्का माणूस. मुरुमजवळच्या माळावर त्याचा कळप सुटला की तो मेंढरं मोजत बसत नसे; नुसती नजर फिरवली की कोणतं मागं राहिलं ते त्याला कळे. असा माणूस घरातल्या पोराच्या बाबतीत चुकला कसा? ते समजायचं तर त्या दिवशी त्याला काय मिळणार होतं, ते आधी बघायला हवं.

थोरला वैजनाथ पोलीस भरतीच्या मैदानात पास झाला होता. वर्दी घरात येणार होती. वर्दी आली की चांगली सोयरीक येणार होती. आणि मेंढरं कुणाच्या बांधावर गेली, तर 'ए मेंढक्या' म्हणून हाकलणारा 'या पाव्हणं, च्या घ्या' म्हणणार होता. एवढं सगळं पदरात, आणि द्यायचं काय? धाकट्या धनाजीचे चार दिवस. सौदा कुणालाही स्वस्तच वाटला असता!

झालं असं, की मेंढरं माणिकप्पाच्या उडदात शिरली. माणिकप्पानं आईवरून शिवी दिली. वैजनाथच्या हातात काठी होती. ती माणिकप्पाच्या डोक्यात बसली आणि तो सरीतच आडवा झाला. पोलिसांची गाडी येतेय कळल्यावर बिराप्पानं धाकट्याला गोठ्यामागं ओढलं.

"धना, म्या मारलं म्हण."

"आप्पा, पण दादानं..."

"तू लहान हायस. लहानाला जेल न्हाय. चार दिवस सरकारी शाळंगत ठिवत्यात अन् सोडत्यात. दादाचं मातर जलमाचं वाटुळं हुईल."

धनाजी नुकताच अकरावीला गेला होता. त्यानं दादाकडं पाहिलं. दादा जमिनीकडं पाहत होता.

"बरं," धनाजी म्हणाला.

राहता राहिला माणिकप्पा. काठी कुणी मारली हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण तो सोलापूरच्या दवाखान्यात डोळे उघडतो न उघडतो, तोच बिराप्पा उशाशी. आपल्याकडं शेतात मेंढरं बसवायची तर धनगराला धान्य द्यावं लागतं. लेंडीखतासारखं दुसरं खत नाही. बिराप्पा म्हणाला, "यंदा सुगीनंतर तुमच्याच रानात बसवतो. दाणा बी नको." माणिकप्पानं विचार केला, काठी तर बसलीच आहे, मग खत कामून सोडा? तोही गप्प बसला.

पण जखम खोल निघाली, तारखा लांबल्या. चार दिवस म्हणता म्हणता पावसाळा सरला, तेव्हा धनाजी निरीक्षणगृहातून जामिनावर घरी आला.

म्हाळसाबाईनं लेकाच्या आवडीचं धपाटं केलं. त्यानं ताटाभोवती डावा हात आडवा लावला आणि कुणी हिसकावून घेईल तसं भराभर गिळलं. दारात शेजारीण आली, तर हा ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभा! पूर्वी त्याच्या एका शिट्टीवर कळप वळायचा. आता तो मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, म्हणजे वाघुरीच्या, खुंटाला टेकून उगाच रस्त्याकडं बघत राही.

रस्त्याकडं का, ते गुरुवारी कळलं. बिननंबरची मोटरसायकल आली. उमरग्याकडचा रणधीर नावाचा तरणा पोरगा गाडीवरूनच म्हणाला, "फुडल्या गुरुवारी तयार ऱ्हा."

"कोण हाय ह्यो?" बिराप्पानं विचारलं.

"आत हुता. मोठी पोरं मारायची तवा ह्यानं वाचिवलं. आता मला त्याचं काम करायचं हाय."

"कसलं काम?"

धनाजी उठून वाघुरीकडं गेला. तेव्हापासून रस्त्यावर गाडी वाजली, की बिराप्पाचा हात काठीकडं जायचा आणि नजर धनाजीकडं.

त्याच आठवड्यात त्याची थोरली बहीण शांताक्का तुळजापूरहून आली. तिला खरं काय ते भावजयीनं चुलीपुढं सांगून टाकलं. शांताक्का जिभेची तिखट.

"काय रं बिरू, इकडं लई हुशार झालास म्हणं?"

"सुटलं की पोरगं, अक्का. लहानाच्या कागदावर डाग बी ऱ्हात न्हाय म्हणत्यात."

"कागदाचं ऱ्हाऊ दे. पोराकडं बगितलंस का? बरं, एक सांग. कोकरू दुसऱ्याच्या कळपात ऱ्हाऊन आलं तर मेंढी काय करती?"

"वास बदलतो. जवळ घेत न्हाय, ढुशी देती."

"मंग तू काय करतूस?"

"मेंढी धरून पाजवायचं. घेईस्तवर."

"मेंढराला एवढी अक्कल, अन् लेकराला? अन् इथं वास पोराचा न्हाय बदलला, बिरू, तुमचा बदललाय. त्याला घरातच लबाडीचा वास येतोय. अरं, खरंच चुकलेली पोरं बी तिथं असतील. त्यांचे आईबाप भेटायला तरी जात असतील. तू किती येळा गेलास?"

बिराप्पा एकदाही गेला नव्हता. बापाला बघून पोराच्या तोंडून खरं निघालं तर, हे भय!

गुरुवार उजाडला. दुपारी हॉर्न वाजला. धनाजी उठला, चपला घातल्या. उंबऱ्यापाशी थबकला आणि खाली बघत बिराप्पाला म्हणाला, "सर, भाईर जाऊ का?"

सर! आपल्याच घरातून बाहेर पडायला, आपल्याच बापाला, सर!

"धना, म्या आप्पा हाय रं तुजा!"

"सवय लागली," धनाजी म्हणाला. "जाऊ का? गावात समदे मला माणिकप्पाला पाडणारा म्हणत्यातच. मंग काय फरक पडतो?"

बाहेर पुन्हा हॉर्न. बिराप्पा दारात आडवा झाला. "त्यो येणार न्हाय!" तो रस्त्याकडं ओरडला. मग आत वळला. "वैजू, ऊठ. ठाण्यात जायचं. काठी कुणी मारली अन् नाव कुणी बदललं, दोन्ही सांगायचं."

"आप्पा, वर्दी जाईल माझी!"

"वर्दी घालून कुणाला पकडणार हायस? आदी सोताला तर नेऊन दे!"

"आवं, दोघं बी माझीच हायती..." म्हाळसाबाई रडू लागली. वैजनाथनं धनाजीकडं पाहिलं. या खेपेला नजर खाली गेली ती धनाजीची, आणि तेच वैजनाथला सोसवेना. त्यानं पायात बूट घातले.

"तू बी चल, धना," बिराप्पा म्हणाला. "ह्या डावाला म्या संगं हाय."

रणधीर पचकन थुंकला. "आज न्हाय तर उद्या," म्हणत गाडी वळवून गेला. तो खरंच पुन्हा येईल का, ही धास्ती बिराप्पाला आजही आहे.

मंडळी, 'लहान हाय, सुटंल' हे वाक्य आपल्या गावोगावी फार सहज बोललं जातं. कायदा लहानाला सांभाळून घेतो तो त्यानं सुधारावं म्हणून. मोठ्यांनी त्याच्याआड लपावं म्हणून नव्हे! पोर खरोखर चुकलं, तरी त्याच्या पाठीशी घर उभं पाहिजे. कोंडलेलं पोर कुलूप काढलं की दाराबाहेर येतं. माणसांत यायला त्याला आपली माणसं लागतात.

आता कुणी काय भरलं ते बघा. वैजनाथची भरती गेली आणि खटला मागं लागला. खोटं सांगितलं म्हणून बिराप्पा तारखांना हेलपाटे घालतो. माणिकप्पालाही साहेबांपुढं मान खाली घालून उभं राहावं लागलं. तिघांनी आपापल्या कर्माचं भरलं. धनाजीनं काहीच केलं नव्हतं. पण सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त भरलं ते त्यानंच, आणि त्यातलं परत काहीच मिळणार नाही.